सतरावा फोटो

ब्रह्मपुरीत मला अजूनही काही लोक ‘टायपिंगवाल्या मॅडम’ म्हणतात. टायपिंग बंद होऊन जमाना झाला. आठ टाइपरायटर होते माझ्याकडे, चार मराठीचे, चार इंग्रजीचे. सगळे एकदम सुरू झाले की समोरच्या किराणा दुकानदाराला गिऱ्हाइकाशी ओरडून बोलावं लागे. मग संगणक आले, पाठोपाठ इंटरनेट आलं, टाइपरायटर एकेक करून आतल्या खोलीत गेले, आणि मी दुकानाच्या पाटीवर एक ओळ वाढवली : ‘येथे फोटो ऑनलाइन बदलून मिळेल.’

ती ओळ वाचून पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ आले. धोतर, डोक्यावर पांढरा दुपट्टा, हातात मतदार ओळखपत्र. शांतपणे खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “बाई, हा फोटो बदलून द्या. याच्यात मी लय म्हातारा दिसून राह्यलो.”

त्यांना समजावता समजावता माझी अर्धी सकाळ गेली. पाटी मात्र मी बदलली नाही. त्या ओळीमुळे माणसं आत यायची, आणि आत आलेला माणूस काहीतरी काम घेऊनच आलेला असायचा.

फोटो बदलून देणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगते. संगणकातला फोटो एकाच प्रकारचा नसतो. कॅमेरा त्याला एका रूपात ठेवतो, स्कॅनर दुसऱ्या, मोबाइल तिसऱ्या. आणि अर्ज मागणाऱ्या कचेरीला तो चौथ्याच रूपात हवा असतो, तोही ठरावीक वजनाचा. आमच्या भागातल्या लोकांना मी धानाचं उदाहरण द्यायची. घरात धानाची रास आहे, पण पाहुण्याला ताटात धान वाढून चालेल का? भरडून तांदूळ करावा लागतो. पोहे हवे असतील तर पोह्याच्या गिरणीत जावं लागतं. दाणा तोच, रूप वेगळं. माझं दुकान म्हणजे ती गिरणी. आणि गिरणीतलं यंत्र माझ्याकडे नव्हतंच. ते परदेशात कुठंतरी होतं, मी फक्त पोतं तिकडे पाठवून परत मागवायची.

लोकांना हे पटे, पण प्रत्येकजण आपापल्या पद्धतीनं. एका ठेकेदाराला कचेरीनं सांगितलं होतं की फोटो जेपीजीमध्ये आणा. त्यानं सीडी आणली आणि सीडीच्या पाकिटावर पेननं ठळक अक्षरांत ‘जेपीजी’ लिहून आणलं. दुसरा एक कॉलेजातला हुशार तरुण फाइलच्या नावाची शेवटची तीन अक्षरं खोडून नवी टाकायचा आणि झालं म्हणायचा. अर्ज परत आला की माझ्याकडे येऊन इंटरनेटला शिव्या द्यायचा.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण या कामाची आठवण काढली की माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा रंजना उभी राहते, म्हणून तिचीच हकिगत सांगते.

रंजना नरोटे कुरखेड्याकडची. कॉलेजसाठी ब्रह्मपुरीत खोली करून राहिली होती, तेव्हा दोन वर्षं माझ्याकडे टायपिंग शिकली. टाइपरायटरच्या कळा इतक्या जोरात मारायची की तिच्या यंत्राची रिबन सगळ्यांत आधी फाटे. बोलायला मात्र अगदी हळू. पुढं ती भामरागड तालुक्यात, आत जंगलातल्या एका आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून लागली. दिवाळीला घरी जाताना वाटेत उतरून भेटायची, चारोळीची पुडी द्यायची, पुढच्या बसनं जायची.

ती त्या वर्षी जुलैत आली. आमच्याकडे ब्रॉडबँड येऊन वर्ष झालं असेल नसेल. गुरुवारची दुपार होती. ती दारात उभी राहिली तेव्हा तिची साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली होती. शाळेतून निघून तिला दोन दिवस झाले होते. काही अंतर पायी, मग जीप, मग बस, गडचिरोलीत एका मैत्रिणीकडे मुक्काम, पुन्हा बस. ती भामरागडहून बाहेर पडली त्याच संध्याकाळी पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं होतं आणि मागचा रस्ता बंद झाला होता. हे तिला गडचिरोलीत कळलं.

पर्समधून तिनं कुंकवाची डबी काढली. डबीत कापूस, कापसात कॅमेऱ्याचं कार्ड.

तिच्या शाळेतल्या बारावी झालेल्या सतरा मुलींना नर्सिंगच्या कॉलेजात अर्ज करायचा होता. शहरातल्या त्या कॉलेजनं त्या वर्षी नवीन टूम काढली होती : अर्ज फक्त ऑनलाइन. प्रत्येकीचा फोटो जेपीजीमध्ये, वीस ते पन्नास केबीच्या मधे, मागं पांढरा रंग. शेवटची तारीख शनिवार, संध्याकाळी पाच. फोटो काढायला भामरागडचा स्टुडिओ पावसात गाठणं शक्य नव्हतं. पण आरोग्य शिबिराला आलेल्या एका डॉक्टरांनी आपला चांगला कॅमेरा दोन दिवस रंजनाला वापरायला दिला, बटण कुठलं दाबायचं ते दाखवलं, आणि तिनं शाळेच्या अंगणात सतरा मुलींचे सतरा फोटो काढले. मागं पांढरा रंग हवा म्हणून पलंगावरची चादर घेतली आणि दोन बाजूंनी दोन मुलींना धरायला लावली.

“आलापल्लीले दाखवलं मॅडम,” रंजना म्हणाली. “तिथी म्हणे, कार्डच खराब आहे. गडचिरोलीले म्हणे, याच्यात फोटोच नाई.”

कार्ड मी संगणकाला लावलं. कार्डात फाइली होत्या, चांगल्या जाडजूड. फक्त त्या जेपीजी नव्हत्या. डॉक्टरसाहेब हौशी असणार. त्यांनी कॅमेरा अशा रूपावर लावून ठेवला होता की त्यात फोटोचं सगळं कच्चं धान जसंच्या तसं साठतं. माझ्या संगणकाला ते उघडता येईना. आम्ही दोघी चौकातल्या स्टुडिओत गेलो. तिथल्या भाऊंनी मनापासून प्रयत्न केला, पण त्यांचं सॉफ्टवेअर त्या कॅमेऱ्याहून जुनं. म्हणजे आता राहिली ती माझी परदेशातली गिरणी.

त्या साइटची रीत अशी होती. फाइल तिकडे चढवायची, कुठल्या रूपात हवी ते सांगायचं, आपला ई-मेलचा पत्ता द्यायचा. मग अर्ध्यापाऊण तासानं मेल यायचा, त्यातून तयार फोटो उतरवून घ्यायचा. एका पत्त्यावर दिवसाला पाच फाइली फुकट. एक फाइल चढायला माझ्याकडे वीस मिनिटं लागत, ती लाइन असेल तर. आणि लाइन तेव्हा सकाळी सहा ते दहा आणि दुपारी दोन ते साडेचार. बाकी वेळ भारनियमन. यूपीएस होता, पण त्याच्या दमावर दुकान बंद करण्यापुरताच वेळ मिळे.

मी हे सगळं सांगत होते आणि रंजना पडद्याकडे बघत होती. मग तिनं विचारलं, “हे फोटो जाऊन कुठी राह्यले, मॅडम?”

मी म्हटलं, कुठंतरी परदेशात. मलाही नक्की ठाऊक नाही.

“तिथी कोणी पाह्यते का?”

मी म्हटलं, माणूस पाहत नसावा, यंत्रच करतं. पण शपथ घेऊन सांगू शकत नाही.

सतरा मुलींच्या आईबापांनी रंजनाच्या भरवशावर मुली ठेवल्या होत्या. त्यातल्या कितीतरी जणींचा आयुष्यातला हा पहिला फोटो. तो कुठल्या अनोळखी देशात पाठवायचा, हे तिच्या जिवावर आलं होतं. दुसरा उपायही नव्हता. शेवटी ती म्हणाली, “पोरींनी माह्या एक फोटो काढला आहे त्याच्यात. आधी तो पाठवा. मी जाऊन येते, मग पोरी जातीन.”

तसंच केलं. आधी रंजनाला पाठवलं. पाऊण तास आम्ही चहा पीत बसलो, पण लक्ष चहात नव्हतं. मेल आला, मी फोटो उतरवला, आणि पडद्यावर रंजना आली. अंगणात उभी, एक डोळा थोडा मिटलेला, मागं ओल्या कौलांची शाळा. इतका स्वच्छ फोटो की तिच्या साडीच्या काठावरचा धागा दिसत होता. ती बराच वेळ स्वतःकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली की आता पोरींना पाठवा. मात्र एक वचन तिनं माझ्याकडून घेतलं. काम संपलं की या संगणकात एकही फोटो ठेवायचा नाही. मी तेव्हाही दर शनिवारी गिऱ्हाइकांचे फोटो पुसतच असे, विशेषतः मुलीबाळींचे. लगेच हो म्हटलं.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत चार मुली जाऊन आल्या. शुक्रवारी आम्ही रंजनाचा वेगळा ई-मेल पत्ता काढला, म्हणजे दोन पत्त्यांचे मिळून दहा फोटो. एक फाइल वर चढत असली की आधी आलेल्या फोटोवर मी काम करायची. मधला चेहरा ठेवायचा, बाजूचं सगळं कापून टाकायचं, आकार लहान करायचा, वजन पन्नास केबीच्या आत आणायचं, आणि अर्जात चढवायचं. सह्यांचा एक कागद रंजनानं आणलाच होता, त्याच्यातून एकेक सही कापायची.

प्रत्येक फोटो उघडला की रंजना त्या मुलीचं नाव सांगे आणि नावाबरोबर आणखी काहीतरी. ही वासराचा मोडलेला पाय बांबूच्या कामट्या बांधून नीट करते. हिला रक्त पाहिलं की चक्कर येते, तरी अर्ज करायचाच म्हणते. ही पहिलीत आली तेव्हा तीन महिने कोणाशी बोलली नव्हती, आता तिला गप्प बसवावं लागतं. माझ्या पडद्यावर आतापर्यंत हजारो चेहरे येऊन गेले होते, पण मी त्यांच्याकडे चेहरे म्हणून कधी पाहिलं नव्हतं. किती केबी, एवढंच पाहायची. त्या दोन दिवसांत मला त्या मुली ओळखीच्या झाल्या. शुक्रवारी चौदा झाल्या.

शनिवारी सकाळी सहाला लाइन आली तशा आम्ही दोघी दुकानात हजर. तीन राहिल्या होत्या. दोघी नीट परत आल्या. तिसरीचा मेल आला नऊच्या पुढं, आणि त्यात फोटो नव्हता. एक ओळ होती : फाइल खराब आहे, बदलता आली नाही. मी पुन्हा पाठवली. पुन्हा तीच ओळ. मग कार्डातली ती फाइल नीट पाहिली तर बाकीच्यांच्या निम्म्या वजनाचीसुद्धा नव्हती.

रंजनाला आठवलं. शेवटचा फोटो काढताना कॅमेरा एकदम बंद पडला होता. बॅटरी संपली होती. तिला वाटलं, बटण तर दाबलं, म्हणजे फोटो निघाला असणार.

शेवटी राहिलेली ती मुलगी मैनी. ती शेवटी का राहिली, तर सगळ्यांत उंच म्हणून चादरीची एक बाजू धरायला तिला उभं केलं होतं. दुसऱ्या बाजूच्या मुली बदलत गेल्या, मैनी तशीच उभी राहिली. सगळ्यांचं आटपल्यावर तिची पाळी आली.

दहाला लाइन गेली. आता दोनपर्यंत काही करता येणार नव्हतं. पर्लकोटा अजून पुलावरून वाहत होती, शाळेत फोन नव्हता, असता तरी फोनमधून नवा फोटो आणता आला नसता.

माझं घर दुकानाच्या मागंच होतं. मी भात लावला, रंजना ओट्याशेजारी खाली बसून लसूण सोलत होती. तेव्हा मी जे बोलले ते लिहायला मला आजही बरं वाटत नाही. पण लिहिते. त्या सोळांत मैनीची एक चुलत बहीण होती, चेहऱ्यामोहऱ्यानं बरीचशी तिच्यासारखी. मी म्हटलं, तिचा फोटो थोडा वेगळा कापू, उजवी बाजू डावी करू, जरा गडद करू. एवढ्याशा फोटोत कोणाला काय कळणार? अर्ज तर जाईल, पुढचं पुढं पाहू. सोळा अर्ज वेळेत गेले होते आणि सतरावा अडला होता. माझं डोकं तेवढ्याच हिशेबात अडकलं होतं.

रंजनानं लसूण खाली ठेवला.

“मॅडम,” ती म्हणाली, “ते तिथी मैनी म्हणूनच गेली पायजे ना. नाई तर कायले जायचं.”

एवढंच म्हणाली, रागावलीसुद्धा नाही. टायपिंग शिकवताना मी मुलींना चुकीच्या कळीवर बोट गेलं की ज्या आवाजात सांगायची, त्याच आवाजात तिनं मला सांगितलं. मी भाताचं पातेलं उतरवलं.

जेवायला बसलो. मला सारखं एकच दिसत होतं, तो अंगणातला देखावा. मधे खुर्चीवर एक मुलगी, मागं चादर, एका टोकाला ती उंच मुलगी उभी. मी रंजनाला विचारलं की मैनी उभी होती तरी कुठं, चादरीच्या मागं की बाजूला?

“बाजूले. चादर ताणून धरली व्हती तिनं.”

मग माझ्या लक्षात आलं. दोन दिवस मी प्रत्येक फोटोच्या कडा कापत होते. मैनी प्रत्येक फोटोत होती. सोळा वेळा मी तिला माझ्या हातानं कापून टाकलं होतं.

कापलेले फोटो वेगळे साठवले होते, परदेशातून आलेले पूर्ण फोटो अजून संगणकातच होते. दोनला लाइन आली आणि आम्ही एकेक उघडायला लागलो. पहिल्यात नुसती बोटं. दुसऱ्यात कोपर आणि वेणी. तिसऱ्यात चेहरा होता पण ती वर, झाडाकडे पाहत होती. चौथ्यात डोळे मिटलेले. पाचव्यात हात दुखल्यामुळे तिनं तोंड चादरीवर टेकवलं होतं. रंजना प्रत्येक वेळी पुढं वाकायची आणि पुन्हा मागं सरकायची. सोळांतले दहा झाले.

अकराव्यात मैनी सरळ आमच्याकडे पाहत होती. आणि हसत होती. सगळे दात दिसतील असं, डोळे बारीक करून, मनापासून.

रंजनाला कारण ठाऊक होतं. तो फोटो काढताना ती स्वतःच मागं मागं सरकत गेली आणि तिचा पाय पाण्याच्या बादलीत गेला. खुर्चीवर बसलेली मुलगी फोटोसाठी श्वास रोखून बसली होती, तिला हसता आलं नाही. मैनीला आलं.

आता प्रश्न असा की अर्जात असा फोटो चालेल का. हसरा फोटो मी त्याआधी कुठल्याही अर्जात चढवलेला नव्हता. आमच्याकडे फोटो काढायचा म्हटला की माणूस असा चेहरा करतो की जणू त्याला कोणी नोटीस दिली आहे. रंजनानं सूचनांचा कागद तीन वेळा वाचला. चेहरा समोर हवा, स्पष्ट हवा, टोपी नको, काळा चष्मा नको, मागं पांढरा रंग हवा.

“हासू नये असं कुठीच लिहेल नाई,” ती म्हणाली.

डॉक्टरांचा कॅमेरा चांगला होता म्हणून जमलं. एवढ्या मोठ्या फोटोच्या कोपऱ्यातून चेहरा कापला तरी अर्जापुरता पुरला. चादर धरलेली तिची मूठ हनुवटीजवळ आली होती, ती ठेवावीच लागली. मागं शाळेची भिंत आणि खिडकी होती, ती मी पेंटमध्ये पांढऱ्या ब्रशनं ठिपका ठिपका करून पुसली. कानाजवळचे केस पुसले जाऊ नयेत म्हणून माऊस इतका हळू फिरवत होते की मनगट दुखायला लागलं. पहिल्यांदा वजन भरलं एकसष्ट केबी. मग सतरा. मग अडतीस. चार वाजून गेले होते. शेवटच्या दिवशी सगळ्या महाराष्ट्रातून अर्ज चढत असणार, ती साइट एकेक पान उघडायला पाच पाच मिनिटं घेत होती. लाइन जायला दहा मिनिटं असताना पोचपावतीचा क्रमांक पडद्यावर आला. रंजनानं तो आधी तळहातावर लिहून घेतला, मग कागदावर.

जाण्याआधी तिच्यासमोर मी सगळे फोटो पुसले. मोठेही, लहानही. कार्ड तिनं कापसात गुंडाळून डबीत ठेवलं, ते डॉक्टरांना परत द्यायचं होतं. सोमवारी पूल उघडल्याचं कळलं आणि ती गेली.

पुढची गोष्ट मला तिनं दिवाळीला येऊन सांगितली. सप्टेंबरात सतराही जणींना घेऊन ती प्रवेशपरीक्षेला शहरात गेली होती. दारावरच्या बाईंनी प्रवेशपत्रं तपासायला घेतली. मैनीच्या प्रवेशपत्रावर हसणारी मुलगी आणि समोर तेल लावून चापून वेणी घातलेली, भीतीनं दगड झालेली मुलगी. बाई म्हणाल्या, ही ती नाही. मैनीला मराठी येत होतं, पण त्या वेळी तिच्या तोंडून शब्द फुटेना. रंजना फाटकाबाहेर, तिला आत सोडेनात. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मैनीला सांगितलं, मग एकदा हसून दाखव. पण सांगून कोणाला हसता येतं? मैनीनं ओठ ताणले ते रडल्यासारखे दिसले.

मागं रांगेत बाकीच्या सोळाजणी होत्या. मैनीचं ते तोंड बघून त्यांच्यातली एक फिसकन हसली. मग दुसरी. शहरात आल्यापासून दोन दिवस ज्या चिडीचूप होत्या त्या सगळ्या परीक्षेच्या दारात पोट धरून हसायला लागल्या. मैनीनं मागं वळून पाहिलं, आणि पुन्हा पुढं वळली तेव्हा तिचा चेहरा फोटोतलाच झाला होता. बाईंनी प्रवेशपत्रावर खूण केली आणि तिला आत सोडलं.

सतरांपैकी सहाजणी लागल्या. मैनी त्यांत नव्हती. हे सांगताना रंजनाचा आवाज जरा खाली गेला. मग म्हणाली की मैनी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार आहे, आणि तसंच झालं. या वेळी गडचिरोलीतल्या एएनएमच्या, म्हणजे गावोगावच्या नर्सबाईंच्या, प्रशिक्षणाला. त्या अर्जाला पोस्टानं पाठवायचा साधा स्टुडिओतला फोटो चालला. तिची निवड झाली.

त्यानंतर वर्षभरानं एका दुपारी एक उंच मुलगी दुकानात आली. पांढरी साडी, खांद्याला पिशवी. प्रशिक्षणातल्या महिनाभराच्या कामासाठी तिला ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात पाठवलं होतं. ती काही बोलायच्या आधीच मी तिला ओळखलं. नाव घेतलं तर दचकली. मी तिला कधी भेटले नव्हते, हे माझ्याही नंतर लक्षात आलं.

तिला तो फोटो हवा होता. स्टुडिओतला फोटो आईला दाखवला तर आई म्हणाली, ही कोण? रंजना मॅडमनं त्या हसऱ्या फोटोचं आईला सांगितलं होतं, तेव्हापासून आई तोच मागत होती.

मला सांगावं लागलं की मी तो पुसला. चांगल्या मनानं पुसला, वचन दिलं म्हणून पुसला, पण तिचा केस न् केस दिसेल असा तो मोठा फोटो आता कुठंही नाही. कार्ड केव्हाच रिकामं होऊन पुन्हा वापरलं गेलं होतं. परदेशातल्या त्या गिरणीतही माल एक दिवसच ठेवत. तीस वर्षं मी लोकांची कामं केली, त्यांतली पुष्कळशी विसरले. पण सोळांतला निदान तो एक फोटो रंजनाला विचारून ठेवला असता तर, हे मला अजून वाटतं.

मैनी म्हणाली, असू द्या मॅडम. पण गेली नाही, बसून राहिली.

मग मला आठवलं की भरलेल्या अर्जाची प्रत मी रंजनाच्या पत्त्यावर मेल केली होती. माझ्या पाठवलेल्या मेलांत शोधली, मिळाली. अर्जाच्या कोपऱ्यात तो अडतीस केबीचा फोटो होता, तिकिटापेक्षा थोडा मोठा. मी तो काढून पानभर मोठा केला. जे व्हायचं तेच झालं. चेहऱ्याचे चौकोन चौकोन पडले, दात कुठले आणि ओठ कुठले कळेना. मैनीच्या हातात कागद देताना मी म्हटलं, हे काही खरं नाही, जवळून पाहिलं तर नुसते ठिपके आहेत.

तिनं कागद घेतला, थोडा वेळ पाहिला. मग उठून समोरच्या भिंतीवर, टाइमटेबल लावायचा खिळा होता त्याला अडकवला आणि मागं सरकत गेली. टेबलापर्यंत आली, थांबली, मान हलवली. आणखी मागं. दारापर्यंत गेली. उंबरठा ओलांडून पायरीवर उतरली. तिथं उभी राहून तिनं आत पाहिलं.

“इथून दिसून राह्यली मी,” ती म्हणाली. “आमच्या घरी अंगण मोठं आहे, मॅडम.”

मी खुर्चीवरून उठले आणि तिच्याशेजारी पायरीवर जाऊन उभी राहिले. खरंच दिसत होती.